बाबांना दिसलेली पहार

पहाटे साडेतीनला आईचा फोन आला. "अगो, बाबा पडवीत जाऊन उभे राहिलेत. काका गडगा सरकवतोय म्हणतात. हातात पहार आहे म्हणतात. तू ये."

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. ते तेव्हा वास्कोला मुलाकडे होते. म्हापशाहून पेडण्याकडच्या आमच्या गावात पोचायला अर्धा तास लागला. जुलै महिना, पाऊस नुकताच थांबलेला. बाबा पडवीच्या खांबाला धरून उभे होते, अंगात बनियन, हातात बॅटरी. "आलीस? आता तूच बघ. माडाच्या बुंध्याशी वाकलाय. तिसरा चिरा काढलाय त्यानं."

मी बॅटरी घेतली, चप्पल न घालताच खाली उतरले, गडग्यापर्यंत, म्हणजे हद्दीच्या चिऱ्यांच्या कुंपणापर्यंत, गेले. चिऱ्यांवर शेवाळ होतं. ते कुठे खरवडलेलं नव्हतं, एक चिरा हललेला नव्हता. परत येऊन म्हटलं, "बाबा, कोणी नाही तिथे." ते माझ्याकडे बघून समजुतीने हसले, लहान मुलाकडे बघून हसावं तसे. "तू उजेड टाकलास तेव्हा तो खाली बसला."

माझ्या पोटात गोळा आला तो पुढच्या पाच मिनिटांत. कारण बाकी सगळं बाबांना नीट कळत होतं. वार कोणता ते माहीत. माझ्या मुलीची मंगळवारी परीक्षा आहे हे लक्षात. दुकानाची चावी कोणाकडे दिलीस, हेही विचारलं. चाळीस वर्षं मराठी शाळेत शिकवलेला हा माणूस, शब्द मोजून बोलणारा. तो त्या रात्री एका दमात बोलत होता, न थांबता. आणि सगळ्या शहाण्या बोलण्याच्या मधोमध ती पहार उभी होती.

आईने सांगितलं की पाच रात्री डोळ्याला डोळा नाही. दुपारी वास्कोला फोन करून काकांना नको नको ते बोलले. आईने देवचाराला, म्हणजे गावच्या राखणदाराला, द्यायचं रोट, विडी, नारळ काढून ठेवलं होतं. "राखणदाराचं द्यायचं राहिलं यंदा. देवचार कोपला असणार." मी तिला नाही म्हटलं नाही. रोट दे म्हटलं. पण त्याच वेळी फडताळातला औषधांचा डबा काढला आणि गोळ्या मोजल्या.

मी बी.फार्म. आहे, बावीस वर्षं म्हापशाला फार्मसीच्या काउंटरवर उभी राहते. त्या गोळ्या माझ्याच दुकानातून गेलेल्या. मेपासून बाबांच्या अंगावर, तोंडात फोड येत होते. पेम्फिगस निघाला. डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड लिहून दिलं, रोज ६० मिलिग्रॅम, सकाळी खाऊन झाल्यावर. साखर वाढेल, पित्त होईल, एकदम बंद करायचं नाही, हे त्यांनी सांगितलं आणि मीही सांगितलं. झोप उडाली, बोलणं वाढलं, माणूस संशयी झाला तर लगेच कळवा, हे त्यांनी सांगितलं नाही. मीही नाही. त्या डॉक्टरांचा मला राग आला होता आणि अजून थोडा आहे. पण ते वाक्य सांगायचं काम माझंही होतं.

आणि मला ते येत नव्हतं असं नाही. बॉस्टनमधल्या रुग्णालयांची १९७२ सालची आकडेवारी आम्हाला शिकवलेली. प्रेडनिसोन, म्हणजे प्रेडनिसोलोनचंच भावंड, रोज ४० मिलिग्रॅमपर्यंत घेणाऱ्यांत मनावर परिणाम झालेले १.३ टक्के, ४१ ते ८० घेणाऱ्यांत ४.६ टक्के, ८० च्या वर १८.४ टक्के. बाबा मधल्या गटात. शंभरातले चार-पाच. परीक्षेत लिहिलेला आकडा पडवीत बनियन घालून उभा असेल असं कधी मनात आलं नव्हतं.

या लेखात मला हेच सांगायचंय. घरातलं माणूस अचानक 'वेगळं' वागायला लागलं की आपण देवाला विचारतो, शेजाऱ्याला विचारतो, पोटात ठेवतो, लग्नं मोडतील म्हणून दार लावून घेतो. पहिला प्रश्न मात्र राहून जातो. गेल्या आठवडाभरात पोटात, नाकात, शिरेत, कातडीवर काय गेलं? गोव्यात तर हा प्रश्न विचारायला लोक आणखीनच घाबरतात, कारण 'ड्रग्ज' म्हटलं की हणजुणे आणि वागातोरच्या किनाऱ्यांवरच्या पार्ट्या डोळ्यांपुढे येतात, आणि ते आपल्या घरातलं नव्हेच असं आपण ठरवून टाकलेलं असतं.

आता दुसरी गोष्ट. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.

एक बाई दुकानात आल्या. "बाय, झोपेची गोळी दे गो. मुलाला." मुलगा वीस-एकवीस वर्षांचा, किनाऱ्यावर एका हॉटेलात कामाला. चार दिवस झोपलेला नाही. घरातल्या प्लगांच्या भोकांवर चिकटपट्टी लावलीय, मोबाइल उघडून आतली चिप शोधतोय, मॅनेजरने मागे माणसं लावलीत म्हणतो. "काही घेतो का तो?" विचारलं. "नाही गो. बियरसुद्धा नाही." चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी देता येत नाही, आणि ते बरंच आहे. मी दुकान लावून त्यांच्याबरोबर घरी गेले.

तो खाटेच्या कोपऱ्यात बसला होता, भिंतीला पाठ लावून, दार दिसेल असा. दात एकमेकांवर घासत होता, त्याचा आवाज मला दारापर्यंत आला. खालचा ओठ आतून चावून चावून सोललेला. मांडीवर उघडलेला फोन, आणि त्याचे ते बारके स्क्रू त्याने एका बशीत आकाराप्रमाणे ओळीने लावून ठेवले होते. इतके नीट, की बघून मला रडू आलं. आईला मी बाहेर चहा करायला पाठवलं. त्याला म्हटलं, "मी पोलिसांना सांगणार नाही. तुला कोणी ओरडणार नाही. काय घेतलंस आणि कधीपासून, एवढंच सांग. डॉक्टरला ते कळायला हवं." बराच वेळ गेला. मग म्हणाला, "एमडी. शनिवारपासून."

एमडी म्हणजे मेफेड्रोन. २०१५ पासून आपल्याकडे एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याखाली बंदी आहे. हे ॲम्फेटामाइन या उत्तेजक औषधाच्या गोत्रातलं रसायन, मेंदूत डोपामाइन या निरोप्या रसायनाचा पूर आणतं. डोपामाइन जास्त झालं की प्रत्येक गोष्टीला अर्थ चिकटतो. रस्त्यावरचा हॉर्न माझ्यासाठी वाजला, समोरच्याने चष्मा काढला तो कुणाला तरी खूण करायला. लंडनचे फिलिप कॉनेल यांनी १९५८ साली ॲम्फेटामाइनमुळे वेड लागलेल्या ४२ रुग्णांचा अभ्यास छापला. तेव्हा हे औषध चोंदलेल्या नाकासाठी हुंगायच्या नळीतही मिळायचं. त्यांचं म्हणणं असं की समोरचा माणूस नुसता बघून हे औषधाचं वेड की पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया, म्हणजे संशयाने पछाडणारा मनाचा आजार, हे ओळखता येत नाही. शुद्ध पूर्ण असते, तारीख-वार ठाऊक असतो, फक्त सगळं जग आपल्यावर टपलेलं असतं. औषध अंगातून गेलं की बहुतेकांचं काही दिवसांत निवळतं. या मुलाला तीन आठवडे लागले, उपचार घेऊन. काहींचं निवळत नाही.

आता याच्या शेजारी धोतरा ठेवून बघा.

असाच पावसाळा होता. एक कामगार जोडपं सहा-सात वर्षांच्या मुलाला घेऊन तापाचं औषध मागायला आलं. अंग खरंच भाजत होतं, पण घामाचा टिपूस नाही. तोंड लाल, ओठ कोरडे फटफटीत. डोळ्यांतल्या बाहुल्या एवढ्या मोठ्या की बुबुळाचा रंगच दिसेना. आणि तो हवेतून काहीतरी वेचत होता. चिमटीत धरायचा, निरखायचा, शर्टाच्या खिशात टाकायचा. परत वेचायचा. आईने हाक मारली तर तिच्याकडे अनोळखी बाईकडे बघावं तसं बघत होता. मी विचारलं, कुठे खेळत होता? बांधकामाच्या मागे, रानात. पांढरी कर्ण्यासारखी फुलं, काटेरी फळ? बापाने मान हलवली. औषध न देता आमच्या पोऱ्याबरोबर रिक्षा करून थेट इस्पितळात पाठवलं. दोन दिवसांनी शुद्धीवर आला. त्या दोन दिवसांतलं त्याला काहीच आठवत नव्हतं.

हा फरक डोक्यात पक्का बसवण्यासारखा आहे. एमडीवाला मुलगा मला ओळखत होता, आईला ओळखत होता, फक्त आमच्यावर विश्वास ठेवत नव्हता. धोतऱ्याचं मूल आईलाच ओळखत नव्हतं. पहिलं वेडासारखं वेड. दुसरं भ्रांत, डॉक्टर ज्याला डिलिरियम म्हणतात ते. धोतऱ्यातलं ॲट्रोपीन आणि स्कोपोलामीन ॲसिटिलकोलीन या मेंदूतल्या दुसऱ्या निरोप्या रसायनाचा रस्ता अडवतं, म्हणून तोंड सुकतं, लघवी अडते, ताप चढतो, नाडी धावते आणि शुद्ध जाते. यात जीव जाऊ शकतो. महादेवाला वाहतो ते फूल, म्हणून निरुपद्रवी, असं कृपा करून धरू नका.

गोव्याला हे नवीन नाही. पणजीच्या ज्या बागेत आपण मुलांना खेळायला नेतो ती गार्सिया द ऑर्ता यांच्या नावाची. हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहिला आणि इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात धोतऱ्यावर एक प्रकरण आहे. चोर हे अन्नात मिसळून देतात, खाणारा हसत राहतो, विचारलेल्याला भलतंच उत्तर देतो, आणि डोळ्यांदेखत दागिने उचलून नेले तरी नेऊ देतो, असं त्याने लिहून ठेवलंय. साडेचारशे वर्षांपूर्वी त्याने जे पाहिलं तेच मी काउंटरवरून पाहिलं.

धोतऱ्याचे भाऊबंद आमच्या कपाटातही आहेत. पोटात कळ आली की मागता ते बस्कोपान, त्यातलं औषध याच घराण्यातलं, पण त्याची रचना अशी की ते मेंदूत सहसा शिरत नाही. पॅसिटेन मात्र शिरतं. मानसिक आजाराच्या काही औषधांनी हातपाय ताठतात, म्हणून जोडीला ही गोळी देतात. म्हाताऱ्या माणसाला ती जास्त झाली की भिंतीवर मुंग्या दिसायला लागतात. म्हणजे वेडाच्या औषधाबरोबर दिलेल्या गोळीने दुसरं वेड. घरच्यांना वाटतं आजार वाढला, आणि ते भीतीने आणखी एक गोळी देतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

किनाऱ्यावर ज्याला 'ॲसिड' म्हणतात त्या एलएसडीचा इतिहास मी बाबांच्या आजारपणात पुन्हा वाचला, रात्री झोप येत नसे तेव्हा. स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या सँडोझ कंपनीत अल्बर्ट हॉफमन यांनी ते १९३८ साली बनवलं. १९ एप्रिल १९४३ रोजी त्यांनी स्वतः २५० मायक्रोग्रॅम घेतलं, ग्रॅमचा चार हजारावा भाग, आणि सायकलवरून घरी निघाले. उतारा म्हणून शेजारणीकडे दूध मागितलं. ती भली बाई दूध घेऊन आली, तर त्यांना ती रंगीत मुखवटा घातलेली चेटकीण दिसली. दूध आणून देणारी शेजारीण चेटकीण दिसते आणि वास्कोत झोपलेला भाऊ माडाखाली पहार घेऊन दिसतो. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि आईला उठवून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तिकडच्या शास्त्रज्ञालासुद्धा होतं." तिला त्याने जेवढा धीर आला तेवढा माझ्या बावीस वर्षांच्या अनुभवाने आला नव्हता.

पुढे सँडोझने हे औषध मानसोपचारतज्ज्ञांना डेलिसिड नावाने दिलं. एक हेतू असा की डॉक्टरने स्वतः घ्यावं आणि रुग्णाच्या आत काय चालतं ते काही तास अनुभवावं. पण एलएसडीत मुख्यतः दिसतं, रंग आणि आकार, तर स्किझोफ्रेनियात मुख्यतः ऐकू येतं, आवाज. दोन्ही वेडं जुळली नाहीत. त्यापेक्षा जवळ गेलं ते केटामाइन. भूल द्यायचं हे औषध निरोगी माणसांना भुलीपेक्षा कमी मात्रेत दिलं तर विचार तुटक होतात, चेहरा भावशून्य होतो, हे १९९४ साली अमेरिकेत जॉन क्रिस्टल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. नुसत्या डोपामाइनने ज्याचा उलगडा होत नव्हता त्यासाठी त्यामुळे ग्लुटामेट या मेंदूतल्या आणखी एका रसायनाकडे बघायला सुरुवात झाली. आपल्याकडे केटामाइन शेड्यूल एक्समध्ये आहे, कुलपात ठेवायचं, चिठ्ठीची एक प्रत दोन वर्षं जपायची. तरी ते पार्ट्यांत पोचतं.

गांज्यावरून माझं भाच्याशी भांडण झालं. "मावशी, ते तर झाड आहे." धोतराही झाडच आहे, मी म्हटलं. स्वीडनमध्ये सैन्यभरतीच्या ४५,५७० तरुणांचा पंधरा वर्षं माग ठेवला. भरतीच्या वेळी ज्यांनी पन्नासहून अधिक वेळा गांजा-चरस ओढल्याचं सांगितलं होतं त्यांच्यात स्किझोफ्रेनियाचं प्रमाण कधीच न ओढलेल्यांच्या सहापट निघालं. हे १९८७ साली छापलं गेलं. मुळात आजाराकडे झुकलेलीच मुलं गांज्याकडे वळत असतील, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि तो रास्त आहे. पण नंतरच्या अभ्यासांत तो हिशेब धरूनही धोका पुरता पुसला गेला नाही. २०१९ सालच्या एका मोठ्या अभ्यासात, रोज आणि तेही जहाल गांजा ओढणाऱ्यांत सायकोसिसचं, म्हणजे भास-भ्रमाच्या वेडाचं, प्रमाण जवळजवळ पाचपट होतं. बहुतेकांना काही होत नाही हे खरंच आहे. भाच्याला मी एवढंच सांगितलं, तुझ्या वडिलांच्या आत्याला काय झालं होतं ते आपल्या घरात कोणी बोलत नाही, पण तुला ते माहीत असायला हवं. मग मी त्याला सांगितलं. तो गप्प बसला. त्याने सोडलं की नाही मला माहीत नाही, पण दोनदा येऊन त्या आजीबद्दल विचारून गेला.

काउंटरवर मी आता बदल केलाय. प्रेडनिसोलोनच्या पाकिटावर पेनने लिहिते, 'झोप उडाली, बडबड वाढली तर लगेच फोन'. नेहमीच्या औषधांनी बरा न होणाऱ्या टीबीला सायक्लोसेरीन देतात, त्यावरही लिहिते. मलेरिया टाळायला मेफ्लोक्विन घेतलेले परदेशी पाहुणे येतात, त्यांना तोंडी विचारते, भीतीदायक स्वप्नं पडतात का. त्या औषधावर अमेरिकेत २०१३ पासून चौकटीतला इशारा छापावा लागतो. खोकल्याच्या डेक्स्ट्रोमेथॉर्फनच्या बाटल्या एकाच मुलाने आठवड्यात चार नेल्या तर पाचवी देत नाही, पण त्याला हाकलतही नाही. हाकललं की तो दुसऱ्या दुकानात जातो. बोलत ठेवला तर कधीतरी बोलतो.

रागाने विचारलं तर खरं उत्तर येत नाही. त्या मुलाच्या आईने चार दिवस विचारलं होतं, "काय घेतलंस? सांग, काय घेतलंस?" प्रश्न माझाच होता. पण तिच्या हातात वहाण होती. तिची भीती मला कळते, तिला मी दोष देत नाही. कोणाला विचारायचं हेच कळत नसेल तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा सरकारी क्रमांक आहे, पैसे लागत नाहीत. आणि गोळ्यांची पाकिटं, रिकाम्या पुड्या, बाटल्या, जे सापडेल ते फेकू नका. पिशवीत घालून डॉक्टरकडे न्या.

बाबांचं पुढे असं झालं. सकाळी मी त्वचेच्या डॉक्टरांना आणि एका मनोविकारतज्ज्ञांना एकमेकांशी फोनवर बोलायला लावलं. स्टेरॉइड एकदम थांबवता येत नाही, शरीर आपलं स्वतःचं बनवायचं विसरलेलं असतं. म्हणून जोडीला फोडांसाठी ॲझाथायोप्रिन हे दुसरं औषध सुरू करून प्रेडनिसोलोन पायरीपायरीने खाली आणलं आणि रात्री भास उतरवायला ओलान्झापिनची लहान गोळी. तिसऱ्या रात्री बाबा सहा तास झोपले. आई मध्ये मध्ये उठून श्वास चालू आहे ना बघत होती. दोन आठवड्यांत पडवीतलं ते उभं राहणं थांबलं. बहुतेकांचं असंच उतरतं, पण ते चढत असताना तसं वाटत नाही.

एका संध्याकाळी ते स्वतः सुतळी घेऊन गडग्यापाशी गेले. चिरे मोजले. परत येऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "तो नव्हता, हे मला समजलंय. पण ती पहार मला अजून दिसते गो. टोकाला लाल माती लागली होती, ओली. तुझ्या लग्नातलं काही मला इतकं स्पष्ट आठवत नाही." मी काही बोलले नाही. त्यांच्या जवळ बसून राहिले.

काकांना मी वास्कोला जाऊन सगळं सांगितलं होतं, गोळीचं पाकीट दाखवून. त्यांनी ते उलटसुलट करून वाचलं. "एवढीशी ही," म्हणाले. फोनवर ऐकलेलं मात्र त्यांना लागलं होतं, आणि त्यात गोळीचा किती वाटा आणि भावाच्या मनात आधीच असलेल्याचा किती, हे त्यांनी मला विचारलं. मला त्याचं उत्तर देता आलं नाही.

चवथीच्या आदल्या दिवशी ते आले. गणपतीच्या वर टांगायची फळांची माटोळी दरवर्षी तेच बांधतात, उंच आहेत म्हणून. स्टुलावर चढले. बाबांनी खालून एका हाताने स्टूल धरलं आणि दुसऱ्या हाताने एकेक वस्तू वर देत गेले. आधी नारळ, मग तवशी, मग सुपारीचं शिपटं.